खेळाचा धनी कोण?

१९४५ सालच्या मार्च महिन्यातील गोष्ट आहे. मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर रणजी करंडकाचा अंतिम सामना चालू होता. एका बाजूस मुंबई, दुसऱ्या बाजूस इंदूरचा होळकर संघ. विजयासाठी होळकर संघाला दुसऱ्या डावात ८६७ धावा हव्या होत्या. हा आकडा ऐकूनच एखाद्या संघाने बॅटी खाली ठेवल्या असत्या. पण होळकरांचे फलंदाज लढत राहिले. पहिल्या डावात १०९ धावा काढणाऱ्या मुश्ताक अलींनी या डावात १३९ काढल्या, आणि एक गोरा फलंदाज अखेरपर्यंत पाय रोवून उभा राहिला. शेवटचा गडी बाद झाला तेव्हा त्याच्या नावावर नाबाद २४९ धावा होत्या. होळकर संघ ४९२ वर संपला आणि ३७४ धावांनी हरला. दोन्ही संघांनी मिळून त्या सामन्यात २०७८ धावा केल्या होत्या.

हा गोरा फलंदाज म्हणजे इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन. दुसऱ्या महायुद्धामुळे लष्करात दाखल झालेला हा खेळाडू त्या काळात इंदूरजवळच्या महू येथील छावणीत नेमणुकीस होता. मायदेशी तो मिडलसेक्स परगण्याचा पगारी क्रिकेटपटू आणि आर्सेनल क्लबचा फुटबॉलपटू. म्हणजे खेळ हाच त्याचा चरितार्थ. या सामन्याविषयी त्याच्या नावावर एक गमतीदार कथा सांगितली जाते. एका धनिक व्यापाऱ्याने त्याला वचन दिले होते, की शंभराच्या पुढे काढलेल्या प्रत्येक धावेबद्दल आपण रोख बक्षीस देऊ. कॉम्प्टनने शंभराच्या पुढे आणखी दीडशे धावांची मजल मारली आणि मोठ्या आशेने तो तंबूत परतला. तेथे बक्षिसाऐवजी त्याच्या हाती एक चिठ्ठी पडली: अत्यंत निकडीच्या कामासाठी शेठजींना कलकत्त्यास जावे लागले आहे!

कथा हसण्यासारखी आहे, पण तिच्या पोटात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. शेठजींचे पैसे मिळाले नाहीत म्हणून त्या २४९ धावा कमी मोलाच्या ठरल्या काय? आणि केवळ पैशाच्या आशेने कोणी एवढा वेळ उन्हात उभा राहील काय? खेळाडू कशासाठी खेळतो, संघ कोणासाठी लढतो, आणि ज्याच्या पैशावर हा सारा डोलारा उभा असतो त्याचा त्या खेळावर हक्क किती, हे प्रश्न आजही सुटलेले नाहीत. युरोपातील रग्बीच्या मैदानांपासून इंदूरच्या क्रिकेटपर्यंत ते पुनःपुन्हा डोके वर काढतात. त्यांचे धागे शोधू लागले, की एक टोक महूच्या छावणीत सापडते.

महूची छावणी जन्मास आली तीच मराठी दौलतीच्या पराभवातून. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या लढाईत होळकरांच्या फौजेचा मोड झाला आणि जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला. त्यानंतर सर जॉन माल्कम याने इंदूरपासून सात-आठ कोसांवर इंग्रजी फौजेचा तळ वसवला. होळकरांच्या राजधानीवर नजर ठेवणे हा त्याचा उघड हेतू होता. याच छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरी भीमराव आंबेडकरांचा जन्म झाला, आणि २००३ पासून या गावाला डॉ. आंबेडकर नगर असे नाव मिळाले. होळकरांवर पहारा ठेवण्यासाठी वसवलेल्या या छावणीतील एक इंग्रज शिपाई १२७ वर्षांनी होळकरांची टोपी घालून मुंबईच्या मैदानावर होळकरांसाठी झुंजला. इतिहासाला अशा गमती आवडतात.

इंग्रजांच्या अशा छावण्या म्हणजे खेळांच्या पाठशाळाच होत्या. फुटबॉल, हॉकी, पोलो, क्रिकेट आणि रग्बी हे सारे खेळ पलटणींबरोबर आले. पलटणीच्या संघाला खेळण्याचे कारण शोधावे लागत नसे. पलटणीचे निशाण हेच त्याचे कारण होते. तिकिटाचा पैसा नाही, बक्षिसाची आशा नाही. शेजारच्या पलटणीला हरवले की पुरे. परंतु पलटणी कायम एका ठिकाणी राहत नसत. हुकूम आला की तंबू उठत आणि संघही उठत. जो खेळ केवळ आलेल्या-गेलेल्या माणसांवर उभा असतो तो त्या मातीत मूळ धरू शकत नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण महूला नव्हे, तर कलकत्त्याला घडले, आणि ते रग्बीचेच आहे.

१८७२ च्या नाताळात कलकत्त्यातील इंग्रज मंडळींनी लंबगोल चेंडूचा हा खेळ खेळून पाहिला. एका बाजूला इंग्लंडचे वीस आणि दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड, आयर्लंड व वेल्स यांचे वीस. पुढच्याच महिन्यात कलकत्ता फुटबॉल क्लब स्थापन झाला. सभासदांची गर्दी झाली. या गर्दीचे एक कारण खेळाची आवड हे होते, तर दुसरे, क्लबात मद्य फुकट मिळे हे होते! पुढे खर्च परवडेना म्हणून फुकटचा प्याला बंद झाला आणि सभासदांची संख्या झपाट्याने खाली आली. खेळणारी पलटण दुसरीकडे गेली, उरलेल्यांना टेनिस आणि पोलो अधिक मानवले. १८७८ मध्ये क्लब मोडला. शिल्लक राहिलेले २७० चांदीचे रुपये वितळवून सभासदांनी एक सुरेख चषक घडवून घेतला. तीन नागांच्या मुठी आणि झाकणावर हत्ती अशी त्याची घडण आहे. तो त्यांनी इंग्लंडच्या रग्बी संघटनेला अर्पण केला. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सामन्यात १८७९ पासून तो ‘कलकत्ता कप’ म्हणून पणाला लागतो. क्लब सहा वर्षांत विझला. त्याच्या रुपयांचा चषक मात्र अजून झळकतो आहे.

या चषकाच्या कथेत आणखी एक मर्म आहे. कलकत्त्याच्या देणगीदारांची इच्छा होती, की फुटबॉलच्या चषकाप्रमाणे क्लबाक्लबांनी यासाठी दरवर्षी चुरशीने खेळावे. संघटनेच्या धुरीणांना ते पसंत पडले नाही. क्लबांची स्पर्धा सुरू झाली की प्रेक्षक येतील, प्रेक्षकांबरोबर पैसा येईल, पैशाबरोबर पगारी खेळाडू येतील आणि सभ्य गृहस्थांचा हा खेळ बाजारात बसेल, अशी भीती त्यांना वाटली. भीती खरी होती, पण तिच्यात एक अन्यायही होता. घरचे उत्पन्न असणाऱ्याला बिनमोल खेळणे सोपे असते. उत्तर इंग्लंडातील गिरणीकामगार आणि खाणकामगार शनिवारी सामन्याला गेला की त्याचा रोज बुडे. त्या बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यावी एवढीच उत्तरेकडील क्लबांची मागणी होती. ती नाकारली गेली, तेव्हा २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड गावच्या एका हॉटेलात जमून त्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. एक खेळ दुभंगून दोन खेळ झाले.

मूळच्या रग्बीने हौशीपणाचे हे सोवळे पुढे पूर्ण शंभर वर्षे पाळले. अखेर ऑगस्ट १९९५ मध्ये ते सुटले आणि खेळाडूंना उघडपणे वेतन देण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी युरोपातील क्लबांची स्पर्धा सुरू झाली. तिला नाव मिळाले ते हायनेकेन या बिअर कंपनीचे. फ्रान्समध्ये मद्याच्या जाहिरातीवर निर्बंध असल्याने तेथे तिला नुसते ‘एच कप’ म्हणत. ज्या खेळाच्या एका क्लबाचे फुकटच्या प्याल्यावाचून कलकत्त्यात अडले, त्याच खेळाच्या मोठ्या स्पर्धेला सव्वाशे वर्षांनी मद्याच्याच पैशाने हात दिला! पहिल्या वर्षी इंग्लंड व स्कॉटलंडचे क्लब आलेच नाहीत. अंतिम सामन्यात फ्रान्सच्या तुलूझने वेल्सच्या कार्डिफला २१-१८ असे हरवले. १९९८-९९ मध्ये इंग्रज क्लबांनी पुन्हा पाठ फिरवली. भांडण खेळाचे नव्हते. ते होते स्पर्धा कोणी चालवायची आणि उत्पन्न कोणी किती घ्यायचे याचे.

तेच भांडण २०१२ मध्ये पुन्हा पेटले. इंग्लंड आणि फ्रान्सच्या क्लबांचे म्हणणे असे, की आपल्याला आपल्या देशातील साखळीत झगडून पात्र व्हावे लागते, तर आयर्लंड, वेल्स, स्कॉटलंड आणि इटलीच्या संघांना जागा जवळजवळ राखीव असतात. शिवाय उत्पन्नाचा वाटाही समान नाही. दुसऱ्या बाजूचे गाऱ्हाणेही तितकेच खरे होते. फ्रान्सच्या काही क्लबांना आपल्या देशातील ब्रेनस ढालीचे मोल युरोपच्या चषकाहून मोठे वाटे. देशातील साखळीत तळाशी गेले तर खालच्या वर्गात घसरण्याची धास्ती असे. म्हणून परदेशी सामन्याला ते कित्येकदा दुय्यम खेळाडूंचा संघ पाठवत. आयर्लंडच्या प्रांतिक संघाला मात्र तोच सामना वर्षाचा सण वाटे. अखेर २०१४ मध्ये जुनी स्पर्धा मोडून नव्या व्यवस्थेखाली नवी सुरू झाली. वाटण्या बदलल्या, पण खेळाडूच्या मनातील ओढ करारनाम्याने बदलता आली नाही.

आणि धनी बदलला तर काय होते? फ्रान्सच्या तुलाँ क्लबाला चित्रकथांची पुस्तके काढणारा मुराद बुजेलाल हा प्रकाशक अध्यक्ष म्हणून लाभला. त्याने इंग्लंडच्या जॉनी विल्किन्सनसारखे देशोदेशीचे नामांकित खेळाडू एकत्र केले आणि २०१३, २०१४, २०१५ अशी सलग तीन वर्षे युरोपचा चषक त्या बंदरावर आणला. उलट लंडनचा वॉस्प्स हा १८६७ साली स्थापन झालेला क्लब. २००४ आणि २००७ मध्ये तो युरोपचा विजेता होता. पुढे कर्जाच्या भाराखाली तो आपले जुने शहर सोडून कॉव्हेंट्रीला गेला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये दिवाळखोरीच्या दारात उभा राहिला. दीडशे वर्षांची परंपरा, दोन चषक, सारे काही सावकाराच्या वहीपुढे लटके पडले.

हे सारे मराठी माणसाला परके वाटण्याचे कारण नाही. धन्याच्या जिवावर उभा राहिलेला आणि धनी गेल्यावर मावळलेला एक अत्यंत तेजस्वी संघ आपल्याच माणसांनी माळव्यात पाहिला आहे. तो म्हणजे ज्याच्यासाठी कॉम्प्टन खेळला तो होळकर संघ. त्याची पायाभरणी १९२३ मध्ये झाली असे म्हणता येईल. त्या वर्षी महाराज तुकोजीराव होळकरांनी नागपूरचे तरुण खेळाडू कोट्टारी कनकय्या नायडू यांना इंदूरला बोलावून आपल्या लष्करात कॅप्टनचा हुद्दा दिला. हाच तरुण १९३२ मध्ये लॉर्ड्सच्या मैदानावर भारताचा पहिला कसोटी कर्णधार झाला. १९२६ मध्ये महाराज यशवंतराव गादीवर आले आणि त्यांच्या काळात हा आश्रय अधिकच बहरला. मध्य हिंदुस्थानच्या संघाची जागा १९४१-४२ च्या हंगामापासून होळकर संघाने घेतली.

या संघातील नावे घेतली तरी जुन्या रसिकांचे डोळे चमकतात. नायडूंचे करडे नेतृत्व, मुश्ताक अलींची बेडर फलंदाजी, चंदू सरवटे यांची अष्टपैलू कामगिरी, भाऊसाहेब निंबाळकर, माधवराव जगदाळे, कमल भांडारकर, हिरालाल गायकवाड. एका राजाच्या पदरी हिंदू, मुसलमान, मराठे, ब्राह्मण, माळवी आणि दक्षिणी असे सारे एकत्र नांदत होते. १९४५-४६ मध्ये म्हैसूरविरुद्ध इंदूरला या संघाने ८ बाद ९१२ धावांचा डोंगर रचला. त्या एका डावात भांडारकर, सरवटे, जगदाळे, नायडू, निंबाळकर आणि प्रतापसिंह अशा सहा जणांनी शतके झळकावली. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत होळकर संघ दहा वेळा अंतिम सामन्यात पोहोचला आणि चार वेळा त्याने रणजी करंडक जिंकला.

यांच्या प्रतिस्पर्ध्यांतही एक मराठी संस्थानच अग्रभागी होते. बडोद्याच्या गायकवाडांचा संघ आणि होळकरांचा संघ तीन वेळा अंतिम सामन्यात भिडले. १९४५-४६ मध्ये होळकर ५६ धावांनी जिंकले. पुढच्याच वर्षी बडोद्याच्या विजय हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या जोडीसाठी ५७७ धावा जोडून एका डावाने आणि ४०९ धावांनी त्याचे उट्टे काढले. पूर्वी रणांगणावर होणारी चढाओढ आता हिरवळीवर होत होती. फरक एवढाच, की येथे हरलेला संघ पुढच्या वर्षी पुन्हा उभा राहू शकत होता.

राजाश्रयाचा हा एक नमुना झाला. त्याच काळात मुंबईला नेमका उलटा नमुना पाहावयास मिळत होता. तेथील तिरंगी, चौरंगी आणि अखेर १९३७ पासून पंचरंगी झालेले सामने हे प्रेक्षकांच्या तिकिटांवर उभे होते. पारशी, हिंदू, मुसलमान, युरोपियन आणि ‘इतर’ अशा पाच संघांची ती स्पर्धा. रणजी करंडकाच्या सामन्याला मैदान ओस पडे, तर पंचरंगीला तिकीट मिळवण्यासाठी वशिला लागे. १९३७ मध्ये नव्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर कोणत्या जिमखान्याला किती जागा द्यायच्या यावरून वाद झाला आणि हिंदू संघाने त्या वर्षी खेळण्याचेच नाकारले. खुर्च्यांच्या वाटणीवरून सामना मोडावा, यावरून या स्पर्धेत उत्पन्नाला आणि मानपानाला किती महत्त्व आले होते हे दिसून येते.

पंचरंगीने खेळाडूंना जी ईर्षा दिली ती मात्र नाकारता येत नाही. सांगलीत एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले विजय हजारे त्या स्पर्धेत ‘इतर’ या संघाकडून खेळत. ख्रिस्ती, ज्यू, अँग्लो-इंडियन अशा ज्यांना कोणत्याच रांगेत जागा नव्हती त्यांची ती रांग. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदूंनी ५ बाद ५८१ धावा केल्या. त्यांत विजय मर्चंटांच्या नाबाद २५०. ‘इतर’ संघ पहिल्या डावात १३३ धावांत कोसळला. दुसऱ्या डावात हजाऱ्यांनी एकट्याने ३०९ धावा काढल्या. संघाच्या एकूण धावा ३८७. त्यांचे बंधू विवेक यांनी अवघ्या २१ धावा केल्या, पण एक बाजू अशी धरून ठेवली की दोघा भावांची भागी ३०० धावांची झाली. सामना एका डावाने गेला, तरी आजही स्मरणात राहिला आहे तो पराभूताचा तो डाव. त्या डावाला ना बक्षिसाची आशा होती, ना विजयाची.

पंचरंगीचे वैभव तिच्याच मुळावर आले. धर्मावर विभागलेल्या संघांच्या सामन्यांना गांधीजींनी १९४० मध्ये आपली नापसंती कळवली. देशातील वातावरण दिवसेंदिवस तापत होते. १९४६ मध्ये ही स्पर्धा कायमची बंद झाली. तिजोरी भरलेली, मैदान भरलेले, तरी जे निशाण खांद्यावर घेऊन ती चालली होती ते निशाणच देशाला परवडणारे राहिले नाही. ओस मैदानांवर खेळला जाणारा रणजी करंडक मात्र टिकला, कारण त्याने प्रांतांची आणि देशाची ओढ जागवली होती.

आता होळकरांकडे पुन्हा वळावे. १९४८ मध्ये होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. राज्य गेले तरी संघ लगेच गेला नाही. १९५०-५१ मध्ये त्याने गुजरातला हरवून करंडक घेतला. १९५२-५३ मध्ये बंगालला कलकत्त्यात मागे टाकून चौथ्यांदा घेतला. त्या वेळी नायडूंचे वय सत्तावन्न होते आणि संघाची सूत्रे त्यांच्याच हाती होती. १९५४-५५ चा अंतिम सामना इंदूरलाच झाला. मद्रासने तो अवघ्या ४६ धावांनी जिंकला. होळकर या नावाने खेळला गेलेला तो अखेरचा हंगाम. पुढच्या वर्षीपासून मध्य भारत, आणि राज्य पुनर्रचनेनंतर मध्य प्रदेश, ही नवी नावे आली. नकाशा बदलला, खेळाडू पांगले, वृद्धत्वाकडे झुकलेले नायडू दुसऱ्या प्रांतांकडून खेळले. दहा अंतिम सामने पाहिलेल्या त्या गावाला करंडक पुन्हा आपला म्हणण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या थांबावे लागले.

हे असे का झाले? राजाने पैसा दिला होता, घरे दिली होती, हुद्दे दिले होते. त्या आश्रयावाचून हा संघ जमलाच नसता, हे कृतज्ञतेने कबूल केले पाहिजे. पण दरबाराची बांधणी वरून खाली झालेली होती. खेळाडू बाहेरून वेचून आणलेले, त्यांची नोकरी दरबाराची, त्यांचे निशाण एका घराण्याचे. राजवाड्याचा दिवा विझला तेव्हा मैदानातही काळोख झाला. तुलनेने मुंबईचे पाहावे. तेथे मैदानामैदानावर क्लब होते, शाळांच्या ढाली होत्या, कचेऱ्यांच्या आणि कंपन्यांच्या टाइम्स शील्डसारख्या स्पर्धा होत्या. बापू नाडकर्णी सिमेंट कंपनीत, अजित वाडेकर स्टेट बँकेत अशा नोकऱ्या सांभाळून खेळाडू खेळत होते. एक मालक गेला तरी दुसरा होता, आणि सर्व मालक गेले तरी आझाद मैदानावर सकाळी स्टंप रोवणारी मुले होतीच.

कोणी म्हणेल, की पैशाचा स्पर्श झाला की खेळ विटाळतो. इतिहास तसे सांगत नाही. १९४१ मध्येच नायडूंचे नाव बाथगेट कंपनीच्या यकृताच्या औषधाच्या जाहिरातीत झळकले होते. त्यामुळे त्यांचा षटकार आखूड पडला नाही. महूहून मायदेशी परतलेल्या कॉम्प्टनने केसांच्या क्रीमची जाहिरात केली, आणि १९४७ च्या एकाच उन्हाळ्यात अठरा शतकेही ठोकली. खेळाडूला पोट असते. त्याच्या श्रमाचे मोल त्याला मिळालेच पाहिजे. हडर्सफील्डच्या मजुरांची मागणी न्याय्यच होती. प्रश्न पैसा असावा की नसावा हा नाही. पैसा चाकर राहतो की धनी होतो, हा आहे.

२००८ मध्ये आपल्याकडे शहरांच्या नावाचे संघ लिलावाने उभे राहिले आणि हा प्रश्न घरोघरी पोहोचला. त्याचे उत्तर देणारी एक घटना २०२२ च्या उन्हाळ्यात घडली. इंदूरचा रजत पाटीदार त्या वर्षीच्या लिलावात कोणी घेतलाच नव्हता. एका जायबंदी खेळाडूच्या जागी बंगळूरच्या संघाने त्याला ऐन वेळी बोलावले, आणि २५ मे रोजी कलकत्त्यात त्याने नाबाद ११२ धावा काढून देशाचे लक्ष वेधले. महिन्याभरातच तो मध्य प्रदेशच्या साध्या पांढऱ्या कपड्यांत रणजी करंडकाचा अंतिम सामना खेळत होता. प्रतिस्पर्धी पुन्हा मुंबई. यश दुबेने १३३, शुभम शर्माने ११६ आणि पाटीदारने १२२ धावा काढल्या. मध्य प्रदेशने सहा गडी राखून सामना जिंकला आणि पहिल्यांदा करंडक नेला. होळकरांच्या शेवटच्या विजयाला तेव्हा एकोणसत्तर वर्षे झाली होती.

त्या संघाचे शिक्षक होते चंद्रकांत पंडित. मूळचे मुंबईचे, पण १९९८-९९ च्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशचे कर्णधार तेच होते. पहिल्या डावात आघाडी मिळवूनही तो सामना कर्नाटकाने हिरावून नेला होता, आणि तोही याच बंगळूरच्या मैदानावर. तेवीस वर्षे मनात जपलेले ते शल्य विजयाच्या क्षणी त्यांच्या डोळ्यांतून वाहिले. शिक्षकाचे वेतन त्यांना मिळत असणार, आणि मिळावेच. परंतु ते अश्रू कोणत्याही वेतनपत्रकावर मांडता येण्यासारखे नव्हते. पुढे २०२५ मध्ये पाटीदारने बंगळूरच्या लिलावी संघाचे नेतृत्व करून त्यालाही पहिले विजेतेपद मिळवून दिले. मोल घेऊन खेळणारा मनापासून खेळत नाही, हा समजही त्याने खोटा ठरवला.

तेव्हा खेळाचा धनी कोण? फुकटचा प्याला पाजणारा क्लब त्याचा धनी नव्हता. त्या क्लबाची आठवण चषकाच्या चांदीत उरली आहे. बिअरची कंपनी, चित्रकथांचा प्रकाशक, इंदूरचे महाराज किंवा लिलावात बोली लावणारा शेठ हेही धनी नव्हेत. ते आश्रयदाते होत, आणि त्यांचे उपकार मान्यच केले पाहिजेत. पण आश्रयदाता आज आहे, उद्या त्याला निकडीच्या कामासाठी कलकत्त्यास जावे लागेल. त्या वेळी जो खेळपट्टीवर पाय रोवून उभा राहतो, आणि ज्या गावाला त्याचे उभे राहणे आपले वाटते, तेच दोघे खेळाचे खरे धनी होत. इंदूरच्या मोठ्या मैदानाला २०१० पासून पुन्हा होळकरांचे नाव मिळाले आहे. राजाचे नाव मैदानाला शोभते. मैदानावर धावणारे पाय मात्र गावाच्या गल्लीबोळांतून यावे लागतात, आणि त्यांची वाट मोकळी ठेवणे हे गावाचेच काम आहे.